बाळराजांच्या नाकातला फुटाणा

बाळराजांनी नाकात फुटाणा कोंबला आणि अख्खा दरबार हवालदिल झाला! पोर तीन वर्षांचं. तोंडानं श्वास घेतंय आणि डाव्या नाकपुडीकडे बोट दाखवतंय. राजवैद्य म्हणाले, कोमट पाणी सोडू. दुसरे म्हणाले, चिमटा घालू. तिसऱ्यांनी तपकिरीची डबी काढली, तर ज्योतिषीबुवा किंचाळले, "शिंक? आज? महाराजांची स्वारी निघायचीय! अपशकून!"

इतकी विद्वान मंडळी थकल्यावर राजे त्र्यंबकसिंहांनी सरळ गुन्हेगारच शोधून काढला. गावात फुटाणे विकणारी ठकू भडभुंजीण!

ठकूला भट्टीवरून उचलून आणलं. बिचारीला हातावरची राखही झटकू दिली नाही.

"फुटाणा तुझा, तूच काढ!" राजे गरजले. "नाकात काही घालायचं नाही, शिंक काढायची नाही आणि तुझा हात बाळराजांना लागता कामा नये. जमलं नाही तर भट्टी विझव आणि गाव सोड!"

ठकूला एकच धास्ती. भट्टी गेली तर खायचं काय? तेवढ्यात राजवैद्यांनी पाण्याची झारी उचलली आणि ती भीतीबिती विसरून ओरडली, "अहो, पाणी नको! भिजला की फुगतो तो! एवढं तर माझ्या शेळीलाही कळतं!"

मग ती राणीसाहेबांकडे वळली.

"माझी फुंकणी राखेनं चोंदली ना, की मी तिच्यात काडी घालत नाही. कचरा आणखी आत जातो. दुसऱ्या टोकानं फुंकते. तुम्ही बाळराजांची मोकळी नाकपुडी बोटानं दाबा, तोंडाला तोंड घट्ट लावा आणि एकच जोरदार फुंकर मारा!"

"भर दरबारात मुका? शिव शिव!" ज्योतिषीबुवांनी डोळे झाकले.

राणीसाहेबांना कसला दरबार नि कसलं काय! त्यांनी लेकाला जवळ ओढलं. फुर्रर्र! फुटाणा सुटला तो थेट राजवैद्यांच्या पगडीवर!

"आईसाहेब, पुन्हा!" बाळराजे टाळ्या पिटू लागले.

राजवैद्यांनी पगडी झटकली. "ह्यॅ! यात कसली आलीय विद्या? फुंकर काय, कुणीही मारील!"

"मारील की!" ठकूनं नम्रपणे हात जोडले. "मग वैद्यबुवा, सकाळपासून तुमचा श्वास कुणी अडवला होता?"

राजे जे हसत सुटले, ते स्वारीचा मुहूर्त टळला तरी थांबेनात. राजवैद्यांसाठी तबकात आणून ठेवलेली शाल त्यांनी ठकूच्या खांद्यावर घातली आणि म्हणाले, "आजपासून तुझ्या भट्टीला सरपण राजवाड्यातून!"