सुगरणीच्या घरट्याचं दार

फार वर्षांमागं विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती. त्यांचं दार खालच्या नळीतून असे, त्यामुळं परक्याला ते सापडत नसे. एका घरट्यात चिंगी नावाचं पिल्लू एकटंच होतं. आई किडे आणायला गेली होती.

तेवढ्यात बाहेरून थेट आईचा आवाज आला, “चिंगे, घात झाला गं! माझा पंख दुखावलाय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय. दार कुठंय ते सांग, पटकन!”

सांगायला चिंगीनं चोच उघडलीसुद्धा. पण तिला आठवलं, बाबांनी विणलेलं हे घरटं पसंत करण्याआधी आईनं म्हणे त्या दारातून सतरा खेपा घातल्या होत्या. बाबा पार रडकुंडीला आले होते!

चिंगी अदबीनं म्हणाली, “आवाज हुबेहूब काढलात हं! पण माझी आई दार कुठंय ते मला कशाला विचारेल?”

बाहेर कुणीतरी चिडून “काव!” केलं आणि उडून गेलं.

थोड्या वेळानं आई आली. काही न विचारता सरळ खालून आत शिरली आणि तिनं चिंगीच्या चोचीत नाकतोडा कोंबला.