कारभाऱ्यांचा जोडा

सटवाजी जासूद खलिते घेऊन दगडी घाटातून धावे, तर येसू जासूद वाळूच्या किनाऱ्यानं. जोडे शिवणारा गोंदाजी सटवाजीला नाल ठोकलेल्या जाड वहाणा देई, येसूला हलक्या. नव्या कारभाऱ्यांनी दरबारात फर्मावलं, "जोडा म्हणजे जोडा! यापुढे सगळ्यांना हलकाच."

आता घाटात सटवाजीचे तळवे सोलून निघणार होते. गोंदाजी उठून बाहेर गेला.

दरबार उठला. दाराबाहेर कारभाऱ्यांची मखमली मोजडी नव्हती, सटवाजीच्या जड वहाणा होत्या. फरशी उन्हानं तापलेली; नाइलाजानं त्यांनी त्याच घातल्या आणि चार पावलांतच कळवळले, "अरे, माझा जोडा कुठंय?"

"पायातच आहे की, सरकार," गोंदाजी हात जोडून म्हणाला. "जोडा म्हणजे जोडा!"

हुकूम तिथेच फिरला. त्यानंतर सटवाजी घाटाकडे निघताना आधी गोंदाजीच्या जोडे शिवायच्या आरीला हात लावी, मगच देवाला.