पालखीच्या वाटेतला दगड

एकदा एका घाटातली फरसबंदी वाट मोडकळीला आली होती. फार जुनी वाट, बरं का. पूर्वी मिठाच्या गोण्या लादलेले बैल तिच्यावरून चढत, आणि दर चैत्रात खालच्या गावची देवी पालखीत बसून घाटमाथ्यावरच्या आपल्या बहिणीला भेटायला जाई. पुढे पावसाने दगड उखडले आणि माणसे डांबरी रस्त्याकडे वळली. गावचे मानकरी रघोजीराव म्हणाले, "यंदा वाट धड दिसली तर पालखी तिथून नेऊ. एक जरी दगड जागचा हलला असेल, तर देवी टेम्पोत बसेल. मग कायमचीच."

एका वृद्ध पाथरवटाने आणि गेनू नावाच्या त्याच्या शिष्याने ते काम अंगावर घेतले. हिवाळाभर दोघे खपले. चैत्र आला. पांगारे लाल झाले, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या, अंजनीच्या फांद्या निळ्या फुलोऱ्याने झाकल्या. गेनू अनवाणी खालून वर चालत गेला. पायाखाली एकही दगड डुगडुगला नाही.

पालखीच्या दिवशी खालून ढोल ऐकू आले. तेवढ्यात वृद्धाने पहार घातली आणि ऐन वळणावरचा, पक्का बसलेला दगड उपटून बाजूला ठेवला.

"बाबा, अहो हे काय केलंत!" गेनू ओरडला. "पालखी माघारी जाईल आता!"

"ओरडू नको. घोटभर पाणी पी."

पालखी वळणावर आली. रघोजीरावांना खड्डा दिसला. "काय हो म्हातारबा, एवढे खपलात आणि पुढचा दातच राहिला की!" पालखीचे भोई हसले.

"तो तुमच्यासाठी ठेवलाय," वृद्ध म्हणाला. "देवीच्या वाटेत मानकऱ्यांच्या हातचा एकही दगड नाही, हे बरं दिसत नाही. बसवा."

ढोल थांबले. रघोजीरावांनी मागे, खालच्या डांबरी रस्त्याकडे पाहिले. मग मानकऱ्यांनी खांद्यावरची शाल एका बाईच्या हाती दिली आणि ते गुडघ्यांवर बसले.

दगड बसवला, तो डुलला.

"मानकरी, नाचतोय!" एक भोई म्हणाला.

"दिसतंय मला! तू खांदा सांभाळ."

त्यांनी दगड काढला, खाली माती चेपली, कपच्या ठोकल्या, पुन्हा बसवला. शेवटी दोन्ही पायांनी त्यावर उभे राहिले. दगड हलला नाही.

"उचला पाय!" रघोजीराव गरजले. "आणि जपून रे, माझा दगड आहे तो! पुढच्या वर्षी येऊन बघणार आहे मी, कसा राहिलाय ते."

ढोल असे कडाडले की पांगाऱ्यावरचे पक्षी उडाले. गुलाल उधळत पालखी वळणावरून पुढे निघाली.

गेनू हळूच म्हणाला, "बाबा, आपण बसवलेला याहून चांगला होता."

"होता की. पण तो आपला होता, आणि आपण किती पावसाळे पुरणार? सगळं आपणच पुरं केलं, तर लोक नुसते चालून जातात. ज्याचे गुडघे मातीला लागले, तो वाटेची काळजी घरी घेऊन जातो. पुढच्या पावसात वाट कशी असेल, हा घोर आता त्यांनाही लागला."

गेनूने पहार खांद्यावर टाकली.

"वरच्या वळणावर भोयांसाठी एक काढून ठेवू?"

वृद्ध खदखदून हसला. "धाव! पालखीच्या आधी पोच."