हरलेल्याचा पेढा

“...आणि सासूचा जाचही घातलाय. एवढं पुरेल ना, अक्का?”

ॲडव्होकेट हृषीकेश गलगले यांनी अर्जाचा गठ्ठा टेबलावर ठेवला. शेजारी कंदी पेढ्यांचा पुडा ठेवला. गलगले सुवर्णपदक मिळवून वकील झाले होते, आणि ही गोष्ट विसरायला ते कुणाला सवड देत नसत. स्वतःच्या नावावर लढायचा हा त्यांचा पहिलाच घटस्फोटाचा दावा.

बाजूच्या खुर्चीत त्यांची पक्षकार बसली होती. ज्योत्स्ना. मान खाली.

अक्का म्हणजे पद्मावती बिरनाळे. तालुक्यातले निम्मे वकील त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. पहिला अर्ज कोर्टात घालण्याआधी अक्कांपुढे ठेवायचा, ही शिष्यांची रीत. पेढे मात्र निकालानंतर. गलगल्यांना तेवढा धीर कुठला!

अक्कांनी अर्ज वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

“पेढे कुणाला वाटणार?”

“बारमधल्या सगळ्या वकिलांना!”

“आणि समोरच्याला?”

गलगले खदखदून हसले. “हरलेला कधी पेढा खातो का, अक्का?”

अक्कांनी पुडा बाजूला सारला.

“ज्योत्स्ना, नवऱ्यानं हात उगारला कधी?”

“नाही हो.”

“सासूनं जाच केला?”

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “त्यांनीच तर मला शिवण शिकवलं. माझं दुकान त्यांच्यामुळं उभं राहिलं. मी वेगळी राहायला लागून वर्ष उलटलं, तरी अजून डबा धाडतात.”

“मग हे काय लिहिलंय?”

“वकीलसाहेब म्हणाले, नुसतं पटत नाही म्हणून कोर्ट सोडत नाही. जाच दाखवावाच लागतो...” तिनं पदरानं डोळे टिपले. “हे वाचलं तर आई माझं तोंड बघणार नाहीत. मला सुटायचंय, अक्का. पण आईंना गमावून नाही.”

“भावनेवर दावे चालत नसतात,” गलगले म्हणाले.

अक्कांनी ते ऐकलंच नाही.

“इथवर आलीस कशी गं उन्हाची?”

“श्रेणिकनी सोडलं. माझी एसटी चुकली.”

गलगले खुर्चीतून उडालेच. “सामनेवाला? बाहेर आहे?”

“गाडीला टेकून उभे आहेत.”

“बोलव की आत,” अक्का म्हणाल्या.

श्रेणिक आला. हातातलं हेल्मेट कुठं ठेवावं, ते त्याला कळेना.

“तुला काय हवंय रे?”

“मोकळं व्हायचंय. तिलाही मोकळं करायचंय.” तो घुटमळला. “वैर काही नाही, अक्का. पण चहा किती उकळायचा इथपासून आमचं कशावर म्हणून एकमत झालं नाही.”

अक्का गलगल्यांकडे वळल्या.

“मारहाण असती, तर हाच गठ्ठा घेऊन मी तुझ्यापुढं चालले असते. पण दुसरीही वाट आहे. वर्षभर वेगळं राहिलेल्या दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा. कुणी कुणावर बोट दाखवायचं नाही. पोटगी, सामानसुमान आधीच बोलून ठरवायचं. मग कोर्ट विचार करायला सहा महिने देतं, कधी कधी तेही माफ करतं. तेवढ्यात मन बदललं, तर कुणालाही मागं फिरता येतं. फक्त एक अट...”

त्यांनी चष्मा काढला.

“वेगळं व्हायला आधी दोघांचं एकमत लागतं.”

“आहे!” दोघं एकदम म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी ज्योत्स्नाला हसू फुटलं. मग श्रेणिकला. “झालं बघा एकदाचं!” तो म्हणाला, आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

गलगले तेवढे आपला गठ्ठा चाळत होते. परस्पर संमतीचं ते कलम त्यांना तोंडपाठ होतं. त्यात जिंकायला काही नव्हतं, म्हणून ते त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

अक्कांनी पेढ्यांचा पुडा सोडला आणि आधी श्रेणिकपुढं धरला. त्यानं पेढा घेतला. ज्योत्स्नानं एक तोंडात टाकला आणि दुसरा रुमालात बांधला.

“आईंना.”

“तूच नेऊन दे,” श्रेणिक म्हणाला. “मी नेला तर अर्धा वाटेत खाल्लास का, म्हणून विचारेल.”

ज्योत्स्नाचा चेहरा असा उजळला, की गलगल्यांनाही आतून बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचाच त्यांना राग आला. गठ्ठा काखेत मारून ते उठले. दाराशी जाऊन परत फिरले.

“पण अक्का, ही जिंकली... तोही जिंकला. मग हरलं कोण?”

अक्कांनी पुडा त्यांच्यापुढं धरला.

“तू. घे.”