दुसऱ्याची ओ

सुभानाची ओ आली, पण ती सरळ, शांत श्वासातली, आणि राही थबकली. नुकताच नदी पोहून आलेला गडी अशी ओ देईल कसा?

ही गोष्ट नदीवर पूल नव्हता तेव्हाची. वाळकीच्या जत्रेत पाच खेळ मिळून एकच सामना व्हायचा: धावणं, धोंडा उचलणं, पोहणं, खांब चढणं आणि कुस्ती. प्रत्येक गड्याचं एक मडकं. खेळ संपला की राही नावं पुकारायची. गड्यानं ओ दिली की मडक्यात खडे पडायचे, पुढच्याला जास्त, मागच्याला कमी. शेवटी ज्याचे खडे जास्त, तो मानकरी. पण एका खेळाला जरी ओ चुकली, तरी मडकं पालथं. आधीचे खडेही गेले.

राही मुलखाची भित्री. पान पडलं तरी दचकायची. पण हंबरण्यावरून गाय कुणाची ते सांगायची, असं म्हणतात.

तिनं खडे मुठीतच धरले. "सुभाना, पुन्हा ओ दे."

"बिचकली बघा बिचकी!" गर्दी हसली. "टाक की गं खडे, खांबाला तेल लावून झालंय."

तेव्हा सुभानाचा धाकटा भाऊ रखमाजी पुढे आला. तोंड उतरलेलं. "अक्का, मीच दिली ओ. वाटलं, पल्याड दम खात बसला असंल. मडकं पालथं झालं असतं त्याचं..."

राही काठाकडे धावली. नदी फुगलेली होती. तिनं हाक मारली. एका खडकानं ती दुसऱ्याला दिली, असं म्हणतात. ओ ऐकू यावी म्हणून पाण्यानं आपली खळखळ आवरली, असं म्हणतात. घसा फाटला, तरी ती थांबली नाही.

आजही वाळकीत पुकारणाऱ्या बाईला राहीच म्हणतात, नाव काहीही असो. पोहणं झालं की गडी तिच्या तळहातावर आपला ओला हात ठेवतो, तेव्हाच त्याची ओ धरतात. शेवटचा गडी येईपर्यंत ढोल वाजत नाही आणि कुणी बसत नाही.

त्या दिवशीही कुणी बसलं नाही. पुढचे, मागचे सगळे गडी हात धरून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. राहीचा आवाज आता कुजबुजीएवढा उरला होता.

"सुभाना..."

खालच्या डोहाकडून, करंजाच्या उघड्या मुळांतून, कुणीतरी म्हणालं, "राही, इकडं गं. पाय अडकलाय."