चेरीला चेरी

वाचनालयाचं मैदान म्हणजे गावातल्या पोरांची खेळायची एकुलती एक जागा. ते बिल्डरला विकायला समितीतल्या एकट्या मथुताई धारपांनी विरोध केला, तेव्हा अध्यक्ष नानासाहेब बोंद्रे खवळले. "समितीत एकाच रंगाची माणसं हवीत. तुम्ही राजीनामा द्या!"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मथुताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एकाच्याही तोंडून पोरांसाठी शब्द फुटू नये?

तेवढ्यात सुतार नव्या टेबलाचे नमुने घेऊन आला. "साहेब, टेबल चेरीच्या लाकडाचं ठरलंय. कडेची पट्टीही चेरीचीच लावू ना?"

"छे!" नानासाहेब आपली जाण दाखवत म्हणाले, "पट्टी काळ्या शिसवाची लाव. शेजारी वेगळा रंग असला, तरच चेरी उठून दिसते. सगळा एकच रंग लावलास, तर ते टेबल कसलं? नुसता खोका!"

मथुताई ताडकन उठल्या.

"आत्ता कळलं, अध्यक्ष, समितीत सगळे एकाच रंगाचे का हवेत ते. तुम्हाला खोकाच हवाय!"

सुतार फिसकन हसला. मैदानाचा ठराव मांडायला मग कुणाची जीभ रेटली नाही.