पट्टम्हशीचे मानकरी

हंबीरराजांच्या म्हशीने पान्हा चोरला आणि राजांच्या ताटातलं दही गेलं. राज्यात दुसरं काही बिघडलं असतं तर राजांना कळायला वर्ष लागलं असतं. हे मात्र दुपारच्या जेवणातच कळलं. त्यांनी गोठ्यावरच्या भिवरा गवळणीला बोलावलं.

“उद्या दिवेलागणीच्या आत कासंडीभर दूध दिसलं पाहिजे. नाहीतर बाडबिस्तरा उचल आणि राज्याबाहेर हो!”

भिवरा म्हणाली, “महाराज, दूध मी काढते, पण पान्हा म्हैस सोडते. तिच्या अंगावर गोचीड झालीया. बगळ्यांना परत येऊ द्या. म्हैस चरताना गवतातले किडे उडत्यात, ते बगळ्यांना मिळत्यात. तिची गोचीड बगळे टिपत्यात. दोघांचंबी भागतं.”

“खबरदार!” प्रधान लंबोदरपंत ओरडले.

घोळ पंतांचाच होता. राजांनी लाडाने या म्हशीला ‘पट्टम्हैस’ केलं, जरीची झूल घातली. लगेच पंतांनी नियम काढला, की पट्टम्हशीची पाठ म्हणजे गादीच. मानकऱ्यांखेरीज तिला कोणी शिवायचं नाही. बगळे काही दरबारचे मानकरी नव्हते, म्हणून शिपाई त्यांना गोफणीने हाकलत होते. भिवराला फक्त आचळांना हात लावायची परवानगी होती.

“नियम मोडायचा नाही,” राजे म्हणाले. “पाठीवर पाखरू बसता कामा नये आणि तुझाही हात लागता कामा नये. दूध मात्र हवं.”

“मग एक मानकरी द्या, महाराज. बगळ्याच्या जागी बसवते.”

दरबारात एकदम खोकल्याची साथ आली.

“आमचा सगळ्यांत मोठा मानकरी कोण?” राजांनी विचारलं. सगळ्या माना पंतांकडे वळल्या.

“मी? म्हशीवर? महाराज, लोक काय म्हणतील?”

“पंत, दही,” राजे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंत पगडीसकट म्हशीवर चढले. भिवरा खालून सांगत होती, “कानामागं बघा, पंत. आता शेपटीखाली. बगळा नाक मुरडत न्हाई.” दुपारी म्हैस सवयीप्रमाणे डबक्यात बसली. पंतांना उतरायला सवड मिळाली नाही. संध्याकाळी मात्र ती निवांत रवंथ करत उभी राहिली, पान्हावली, आणि कासंडी फेसाने भरली.

चिखलातून आलेल्या पंतांना बघून राजांना हसू आवरेना. त्यांनी विचारलं, “भिवरा, खरं सांग. बगळा बरा की पंत?”

“पंतांनी आज काम केलं, महाराज. बगळा रोज करतो, तरी त्याला कुणी मानकरी म्हणत न्हाई. पाठीवर बसून गोचीड खातो तो बगळा. पाठीवर बसून रक्त पिते ती गोचीड. तुमच्या पाठीवर कोण बसलंय ते मला कसं दिसणार? मी पडले खालून दूध काढणारी.”

राजांचा हात नकळत स्वतःच्या पाठीकडे गेला. मग ते असे हसले की सिंहासन करकरलं. हसता हसताच त्यांनी हुकूम सोडला, “आजपासून बगळे मानकरी! आणि ही म्हैस झुलीसकट भिवराची.”

त्या संध्याकाळी राजांच्या पाठीमागे उभं राहायला दरबारातला एकही मानकरी तयार होईना.